गड्डे सोडवण्याआधीची तयारी

सोनटक्का, कर्दळ, गवती चहा, कोरफड, लिली अशी वर्षानुवर्षे टिकणारी झाडे एकाच कुंडीत दोन-तीन वर्षे राहिली की त्यांची आपसांतच दाटी होते आणि फुले कमी होत जातात. मुंबईच्या गॅलरीत ही दाटी ओळखायला फार वेळ लागत नाही: घातलेले पाणी मातीत न मुरता कडेकडेने खाली निघून जाते, तळाच्या भोकांतून मुळे बाहेर येतात आणि प्लास्टिकच्या कुंडीचे तर चक्क पोट फुगते. असे गड्डे, म्हणजे मुळा-कंदांचे दाटलेले झुबके, वेगळे करून लावणे हे तासाभराचे काम आहे, पण त्याची तयारी आठवडाभर आधी सुरू करावी, कारण उघडी पडलेली मुळे तुम्ही माती आणायला नर्सरीत जाऊन येईपर्यंत सुकू लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे दिवस ठरवणे. मोसमी पाऊस मुंबईत पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे आणि तिच्या आसपासचे, ढगाळ पण अजून झोड न उठलेले दिवस या कामाला उत्तम असतात. जुलैच्या संततधारेत ताजा कापलेला कंद कुजण्याची भीती असते, तर ऑक्टोबरच्या उन्हात नवी रोपे माना टाकतात. सोनटक्का पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलतो, म्हणून त्याला जूननंतर हात न लावणेच बरे. शेवंतीचा हिशेब वेगळा आहे. हिवाळ्यातला बहर ओसरल्यावर खोडाच्या बुडाशी येणारे फुटवे मुळांसकट काढून लावावेत.

त्यानंतर जागेची मोजणी करावी, आणि माझ्या मते याच टप्प्यावर सर्वांत जास्त चुका होतात. बारा इंची कुंडीत भरलेल्या सोनटक्क्याचे सहा-सात तुकडे सहज निघतात. तेवढ्या कुंड्या, आणि त्या ठेवायला सकाळचे ऊन मिळणारी जागा, आपल्याकडे आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास इमारतीतल्या शेजाऱ्यांना किंवा सोसायटीच्या माळीदादांना आधीच विचारून ठेवावे. कठड्यावर कुंडी ठेवण्याचा मोह मात्र टाळावा.

माती आदल्या दिवशीच कालवून ठेवावी: दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग भिजवून पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुंडीमागे मूठभर नीमपेंड. आपल्याकडच्या पावसात निचरा हाच कळीचा मुद्दा असल्याने प्रत्येक कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा. धारदार सुरी, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), स्पिरिट, कापसाचा बोळा, हळद आणि ओले गोणपाट एका जागी मांडून ठेवावे. ज्या झाडाचे गड्डे सोडवायचे त्याला आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्यावे. गवती चहाची पाती मात्र वीतभर ठेवून कापून टाकावीत.

सोनटक्क्याचा गड्डा बाहेर काढून माती झटकली की तो थेट आल्यासारखा दिसतो आणि त्याला वासही आल्याच्या जवळचा येतो. मधले जुने, काळपट, डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) नसलेले कंद काढून टाकावेत. कडेचे, फिकट रंगाचे, गुलाबीसर कोंब असलेले कंद ठेवावेत. प्रत्येक तुकड्याला किमान दोन डोळे आणि थोडी मुळे हवीतच. सुरी दर झाडाला स्पिरिटने पुसावी, कापलेल्या जागी हळद लावावी आणि लागवड होईपर्यंत तुकडे ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत.

हीच रीत सर्वांना लागू पडत नाही. कोरफडीची तीन-चार पाने आलेली पिल्ले उलट दोन दिवस सावलीत कोरडी होऊ द्यावीत आणि लावल्यावर लगेच पाणी देऊ नये. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचे पान कापून लावल्यास येणारे रोप साधे हिरवे निघते, म्हणून तिथे गड्डाच विभागावा. अळूचे कंद हाताळताना हातमोजे घालावेत, नाहीतर हात खाजतात. कर्दळीच्या पानांवर शिरांना समांतर फिकट पिवळे पट्टे असतील तर तो बहुधा विषाणुरोग असतो आणि प्रत्येक तुकड्याबरोबर तो पुढे जातो; तसे झाड कितीही आवडते असले तरी मुळासकट टाकून द्यावे, त्याचा एकही कंद कुणाला देऊ नये.

लागवडीनंतरची सोयही आधीच करावी. नावाच्या आणि तारखेच्या पट्ट्या लिहून ठेवाव्यात, कारण पाने छाटलेले कंद आठवड्याभराने सारखेच दिसतात. कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून टाकाव्यात. त्यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. नव्या कुंड्या दहा-पंधरा दिवस पागोळ्यांपासून दूर, उजेडाच्या सावलीत ठेवाव्यात आणि पहिले गुंडाळलेले पान उलगडले की हळूहळू उन्हाकडे सरकवाव्यात.