अंगणातली सौर पवनचक्की फिरत नाही? या चुका टाळा

साताऱ्याहून ठोसेघरला गेलेला माणूस चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघून आला की अंगणात एक छोटी लावावी असं त्याला वाटतंच. मलाही वाटलं. माझी पहिली चक्की आषाढातच बंद पडली. पुढे ओळखीच्या लोकांच्या चक्क्या दुरुस्त करताना बहुतेक त्याच चुका सापडल्या.

ही शोभेची चक्की वीज तयार करत नाही. पॅनेलच्या विजेवर मोटर चालते आणि मोटर पाती फिरवते. ती थांबली की मीटर लावून लोक म्हणतात, "पॅनेल सहा व्होल्ट दाखवतंय, म्हणजे मोटरच गेली." इथेच फसगत होते. मोटर न जोडता मोजलं तर ढगाळ दिवशीही व्होल्टेज जवळपास पूर्ण दिसतं. मोटर जोडून मोजा. काटा एकदम खाली आला, तर पॅनेलचा करंट पुरत नाही. थांबलेली मोटर सुटताना चालू मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. पात्याला बोटाने ढकलल्यावर चक्की फिरत राहिली तर मोटर ठणठणीत आहे. मग पॅनेल मोठं घ्या किंवा मध्ये बॅटरी द्या. बॅटरी दिलीत तर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) विसरू नका, नाहीतर रात्री तीच बॅटरी पॅनेलमधून हळूहळू उतरते.

पॅनेल बसवताना तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण १७-१८ अंश, म्हणजे आपल्या अक्षांशाएवढा ठेवा. ते खांबाच्या उत्तरेला लावू नका. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि चक्कीच्याच पात्यांची सावली पॅनेलवर पडते. आतले सेल एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे एका सेलवरच्या सावलीनेही सगळ्या पॅनेलचा करंट घसरतो.

सगळ्यात महागात पडते ती पात्यांच्या पिळाची चूक. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोर धरतो. पीळ उलटा असेल तर मोटर एकीकडे ओढते, वारा दुसरीकडे, आणि मधले प्लास्टिकचे गिअर दाते सोडतात. माझ्या चक्कीचं नेमकं हेच झालं. म्हणून मोटर जोडण्याआधी पाती नुसत्या आसावर बसवून समोरून टेबलफॅन लावा. फिरण्याची दिशा खडूने लिहून ठेवा आणि मोटर त्याच दिशेने फिरेल अशा वायरी जोडा. उलटी फिरली तर दोन वायरींची अदलाबदल पुरते. दिशा जुळली तरी जोराचा वारा मोटरला तिच्या वेगापेक्षा जास्त पळवतो. त्यावर माझा उपाय म्हणजे मोटर आणि पात्यांच्या मध्ये बसवलेलं जुन्या सायकलचं फ्रीव्हील. वारा वाढला की पाती मोकळी पळतात, मोटरवर ताण येत नाही. भंगारवाल्याकडे ते सहज मिळतं.

पात्यांचं वजन मोटरच्या आसावर टाकू नका, त्यासाठी वेगळे दोन बेअरिंग लावा. पाती हाताने फिरवून सोडा. दर वेळी एकच पातं खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे; समोरच्या बाजूला वॉशर लावून तोल साधा. एवढं केलं नाही तर खांब थरथरतो आणि नट ढिले होतात.

मोटरच्या डबीला वरून सिलिकॉन लावा, पण तळाला बारीक भोक ठेवा. पूर्ण बंद डबीत दमट हवेचं पाणी साचतं. वायर डबीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे वायरीवरून आलेलं पाणी झोळातूनच गळून जातं.