डबा किती वीज खातो?

मे महिन्याचं बिल आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तुया त्या डब्यानंच बिल खाल्लं, पाय!” डबा म्हणजे 512 वॅट-अवरचा, कडी धरून उचलून नेता येणारा बॅटरी बॅकअप. दारव्ह्याकडच्या आमच्या गावात वारा-वावधन सुटलं की संध्याकाळची लाईन गेलीच समजा. शिलाई मशीन मी पायानंच चालवते, पण डोळ्यांना उजेड आणि अंगाला वारा तर पाहिजे. म्हणून घेतला. आता आरोप खोडायचा तर आकडा हवा.

डबा पूर्ण उतरू दिला. मग घरातलं सगळं बंद केलं, फ्रीजसुद्धा, आणि एकटा डबा चार्जिंगला लावला. मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ आकडा छापलेला असतो. आमच्याकडे 3200 आहे, तुमचा तुम्ही बघून घ्या. तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट. लेकीला तुरीचे दाणे दिले: दहा लुकलुकी झाल्या की एक दाणा बाजूला. दहा मिनिटांत 107. तासाच्या 642, म्हणजे 0.2 युनिट. मग फ्रीज सुरू करून टाकला. डबा भरायला तीन तास लागले, म्हणजे 0.6 युनिट.

एक युनिट म्हणजे 1000 वॅट-अवर, तर 0.6 युनिट म्हणजे 600. डब्यावर 512 लिहिलंय, ओढले 600. वरचे उष्णतेत गेले. भरताना डबा हाताला गरम लागतोच. बाहेर काढतानाही गळती आहे. 50 वॅटचा पंखा आणि 9 वॅटचे दोन बल्ब मिळून 68 वॅट. ते सव्वासहा तास चालले. 68 गुणिले सव्वासहा, 425. म्हणजे 600 घातले, हाती 425 आले.

आता दर. सरासरी काढू नका. घरगुती बिलात 100 युनिटांनंतर टप्पा बदलतो आणि डब्याची युनिटं वरच्याच टप्प्यात पडतात. त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क धरा. स्थिर आकार सोडा, तो डबा नसला तरी लागतोच. मी हिशेबाला युनिटमागे 15 रुपये धरले. एकदा डबा भरायला 9 रुपये.

पण ते 9 रुपये सगळे डब्याच्या नावावर टाकणं बरोबर नाही. लाईन असती तरी पंखा फिरलाच असता ना! रोज तीन तास लाईन गेली तर पंखा-बल्बांना 204 वॅट-अवर लागतात, त्यासाठी, 600 घालून 425 मिळतात त्याच प्रमाणात, मीटरवरून 288 जातात. डब्याचा खरा खर्च मधले 84. महिन्याला अडीच युनिटं, 38 रुपये.

खरी चोरी दुसरीकडे सापडली. भरलेला डबा मी प्लगला तसाच ठेवायची, वर आउटपुटचं बटणही चालू. अर्ध्या तासात 15 लुकलुकी. थोडं वाटतं, पण चोवीस तास, तीस दिवस केलं की पावणेसात युनिटं, शंभर रुपये! आता डबा भरला की प्लग काढते, बटणही बंद.

मग त्याच दाण्यांनी सासूबाईंच्या खोलीतला कूलर मोजला. तो आकडा मी त्यांना अजून सांगितलेला नाही.