घरचा व्हिडिओ टीव्हीवर अडकतोय? नेटवाल्याला फोन करण्याआधी या चुका टाळा

गेल्या दिवाळीत मामांकडे त्यांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला आम्ही सगळे जमलो होतो. व्हिडिओ आतल्या खोलीत मामांच्या लॅपटॉपवर, टीव्ही हॉलमध्ये, दोन्ही एकाच वायफायवर. अंतरपाट दूर व्हायची वेळ आली आणि नेमकं तिथेच चक्र फिरायला लागलं. मामी म्हणाल्या, "लग्नात भटजींनी घाई केली, आता हा थांबतोय." मामांनी त्याच रात्री १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ परत अंतरपाटापाशीच अडकला.

ही पहिली चूक, आणि सगळ्यांत महागडी. घरातल्या लॅपटॉपवरून घरातल्याच टीव्हीवर जाणारा व्हिडिओ इंटरनेटला शिवतसुद्धा नाही. लॅपटॉपवरून राउटर, राउटरवरून टीव्ही, एवढाच त्याचा प्रवास. लॅपटॉपवरचे व्हिडिओ टीव्हीला पुरवणाऱ्या प्लेक्ससारख्या अ‍ॅपला लॉगिनसाठी नेट लागू शकतं, पण व्हिडिओ घरातल्या घरातच फिरतो. त्यामुळे स्पीड टेस्टचा आकडा कितीही छान आला, तरी या दुखण्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

मग दोष कुठे आहे हे ओळखायचं कसं? अडकणारी फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावा. तिथे सुरळीत चालली तर फाइल आणि टीव्ही दोघंही निर्दोष, गडबड वाटेत आहे. तिथेही चालली नाही तर राउटरला हात लावू नका, टीव्हीलाच ती फाइल पचत नाहीये. एक अडचण येऊ शकते: पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर कॉपीच होत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. आतलं सगळं पुसलं जाईल, तेव्हा आधी बघून घ्या.

मामांची फाइल पेनड्राइव्हवरून मस्त चालली. मग मी हिशेब मांडला. फाइल १८ जीबीची, व्हिडिओ ४० मिनिटांचा. जीबीला ८००० ने गुणायचं आणि सेकंदांनी भागायचं: १,४४,००० भागिले २४०० म्हणजे सेकंदाला ६० मेगाबिट, अर्थात ६० एमबीपीएस. ही झाली सरासरी. फुलं उधळली, अक्षता पडल्या, गर्दी हलली की आकडा आणखी वर जातो. आता गंमत अशी की लॅपटॉप आणि टीव्ही दोघंही वायफायवर असले की तीच माहिती हवेतून दोनदा जाते, आधी लॅपटॉपकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून टीव्हीकडे. म्हणजे ६० चे झाले १२०. दोन्ही उपकरणं वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात होती. शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच पट्ट्यात बोलत असताना तिथे खरा वेग बऱ्याचदा ४०-५० च्या वर जात नाही. चक्र फिरणारच.

यावर उपाय निघाला कपाटात पडलेल्या लॅन केबलचा. राउटरशेजारच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून केबल जोडली आणि टीव्ही वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला. हवेतला अर्धा भार तिथेच उतरला. दोघांपैकी एकालाच वायर देता येत असेल तर व्हिडिओ जिथून निघतो त्या कॉम्प्युटरला किंवा टीव्हीला, जो राउटरच्या जवळ असेल त्याला द्या. फक्त एक लक्षात ठेवा: बहुतेक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. घरगुती व्हिडिओंना ते पुरतं. ४के डिस्कवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल मात्र मध्येच १०० च्या वर उसळते. तिथे चांगला ५ गिगाहर्ट्झ वायफाय वायरपेक्षा सरस ठरतो. हे ऐकून बरेच जण माझ्याकडे संशयाने बघतात.

५ गिगाहर्ट्झची ताकद भिंतीत पटकन विरते. आपल्याकडे फायबर मुख्य दारातून येते म्हणून राउटर चपलांच्या कपाटावर बसतो, आणि टीव्ही दोन भिंती पलीकडे. मग लोक वायफाय पुढे पोहोचवणारा स्वस्तातला डबा, म्हणजे रिपीटर, आणतात. एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर ऐकायला आणि बोलायला तोच रेडिओ वापरतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. टीव्हीवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ तरी अडकतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

टीव्हीला लॅपटॉप दिसतच नसेल तर ते वेगळं दुखणं. तेव्हा दोघांचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्क सेटिंगमध्ये दिसणारा आकडी पत्ता, बघा. टीव्हीचा १९२.१६८.१.५ आणि लॅपटॉपचा १९२.१६८.०.७ असा काही प्रकार असेल, तर घरात दोन राउटर आपापली वेगळी चूल मांडून बसलेत: एक नेट कंपनीने दिलेला डबा, दुसरा तुम्ही विकत आणलेला. "मी इथे आहे" ही लॅपटॉपची हाक एका राउटरच्या नेटवर्कमधून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये पोहोचत नाही. तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न मांडता फक्त वायफाय देईल. पत्ते जुळत असतील तर बाकीचे संशयित असे: टीव्ही गेस्ट वायफायवर जोडलेला, लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन चालू, किंवा विंडोजने घरच्या वायफायला "पब्लिक" ठरवून दार लावून घेतलेलं. ते "प्रायव्हेट" करा. अख्खी फायरवॉल बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पेनड्राइव्हवरूनही फाइल चालत नसेल, तर नाव बदलून .एमकेव्हीचं .एमपी४ करू नका. तो फक्त डब्यावरचा कागद बदलणं झालं, आतली भाजी तीच राहते. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं असेल तर आवाज बहुधा डीटीएस प्रकारचा आहे; बऱ्याच टीव्हींनी त्याचा आधार काढून टाकलाय. चित्राला हात न लावता फक्त आवाज एसी३ या दुसऱ्या प्रकारात बदलून घ्या. काही मिनिटांचं काम आहे. लग्नाच्या फोटोग्राफरने कॅमेऱ्यातलं कच्चं चित्रीकरण दिलं असेल तर त्यातलं काही १०-बिट ४:२:२ स्वरूपाचं असू शकतं. ते एडिटिंगसाठी असतं, टीव्हीला सहसा पचत नाही. त्याच्याकडून बघण्यासाठीची वेगळी प्रत मागून घ्या.

टीव्हीला न पचणारी फाइल प्लेक्स किंवा त्याच प्रकारचं जेलीफिन चालता चालता बदलून देतात, पण त्या कामाला जुना लॅपटॉप अक्षरशः धापा टाकतो. पंख्याचा आवाज वाढला की त्या अ‍ॅपचा डॅशबोर्ड उघडा आणि "डायरेक्ट प्ले" (फाइल जशीच्या तशी जातेय) लिहिलंय की "ट्रान्सकोड" (बदलून जातेय) ते बघा. कधी कधी कारण सबटायटल असतं. डिस्कवरून आलेली सबटायटल्स अक्षरं नसून चित्रं असतात, ती बऱ्याचदा प्रत्येक फ्रेमवर छापावी लागतात. ती बंद करून एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराची सबटायटल फाइल, लावली की लॅपटॉप शांत होतो. मराठी एसआरटी स्वतः लिहिली असेल तर नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. एएनएसआय ठेवलंत तर सगळ्या ओळींची प्रश्नचिन्हं होतील आणि मूळ मजकूर परत मिळणार नाही. (मी चाळीस मिनिटांचे संवाद असे घालवलेत.)

आणि व्हिडिओ दर वेळी बरोबर तेवढ्याच वेळाने, म्हणजे समजा अर्ध्या तासाने, बंद पडत असेल तर नेटवर्कमध्ये काही शोधू नका. लॅपटॉप झोपतोय. चार्जर लावून ठेवा, पॉवर सेटिंगमध्ये स्लीपची वेळ "नेव्हर" करा आणि झाकण मिटल्यावर काय करायचं तिथे "डू नथिंग" निवडा. मामांकडे हेही निघालं: मामी धूळ बसते म्हणून लॅपटॉप मिटून त्यावर रुमाल टाकायच्या. आता झाकण उघडं असतं आणि रुमाल राउटरवर असतो.