विंडोज ११ हलकं करा, पण जपून

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातली गुळाची अडत असो की राजारामपुरीतलं दुकान, पीसी रेंगाळायला लागला की पहिला हात 'अनइन्स्टॉल'वर जातो. जरा थांबा. आधी बिलांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर विंडोजला आधीच्या स्थितीत नेणारी नोंद, तुमच्या फायली परत आणत नाही. मग स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन चालू करून पॉइंट बनवा. पावसात लाईटचा भरवसा नसतो, तेव्हा यूपीएस हवाच.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये, म्हणजे पीसीबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या ॲप्सच्या यादीत, 'हाय' (जास्त भार) दिसणारी, रोज न लागणारी ॲप्स डिसेबल करा. निम्मं काम इथंच होतं, आणि चुकलं तर एका क्लिकमध्ये परत.

नंतर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. गेम्स, ट्रायल अँटिव्हायरस बिनधास्त काढा. पण 'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल' चार-पाचदा दिसेल. डुप्लिकेट समजून उडवू नका. एक २०१०चं, एक २०१३चं, शिवाय ६४ बिटचं वेगळं. प्रत्येकावर कुठलं तरी सॉफ्टवेअर उभं असतं. ते काढलं की सॉफ्टवेअर उघडताना 'डीएलएल मिसिंग' (लागणारी फाइल सापडत नाही) असा एरर येतो.

'टेम्पररी फाइल्स' साफ करताना डाउनलोड्सवर टिकची खूण ठेवू नका, जीएसटीची चलनं तिथंच पडलेली असतात. सर्व्हिसेसना, म्हणजे विंडोजच्या पडद्यामागे चालणाऱ्या कामांना, हात नको: छपाई सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' बंद झाला की गिऱ्हाईक समोर उभं आणि बिल काही निघत नाही. इंटरनेटवरच्या एका क्लिकच्या 'डीब्लोट' स्क्रिप्टा, म्हणजे नको ते आपोआप काढून टाकणारे छोटे प्रोग्रॅम, तर नकोच. त्यातल्या काही अपडेट आणि विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडरही बंद पाडतात.