शाब्दिक उदाहरणात समीकरण उलटं होतंय?

"वही पेनापेक्षा 15 रुपयांनी महाग" वाचलं की पोरं हमखास पेन = वही + 15 लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा आधी नुसतं विचारा, स्वस्त काय? पेन. मग एका पेनाची किंमत क्ष रुपये धरा (नुसतं 'क्ष म्हणजे पेन' नको हां, अर्धा घोळ तिथेच होतो), वही आपोआप क्ष + 15, वजाबाकीची भानगडच नाही. आता 2 वह्या नि 3 पेनांचे मिळून 130 झाले असतील तर 2(क्ष + 15) + 3क्ष = 130, म्हणजे 5क्ष = 100, पेन 20 ला आणि वही 35 ला. ताळा मात्र समीकरणात नाही, मूळ वाक्यात घालून करा, कारण समीकरणच चुकलं असेल तर ते तिथेच सापडतं.