स्थानिक प्रदर्शनात पहिल्यांदा चित्र लावताना

रत्नागिरीत दरवर्षी भरणाऱ्या स्थानिक चित्रकारांच्या प्रदर्शनात मी बरीच वर्षं चित्रं लावतोय. हल्ली छाननीलाही बसतो. सावर्डे, देवरुखच्या कला महाविद्यालयांतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं विचारतात, "सर, काय पाठवू?" डोळ्यांसमोर मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी असते. पण इथला प्रेक्षक तुमच्या चित्रातली जागा रोज बघणारा आहे, हे आधी ध्यानात घ्या.

मावळतीचा सूर्य, एक होडी, वाकलेला माड अशी चित्रं ढिगाने येतात. विषयाचं वावडं नाही, पण फोटोवरून उतरवलेला समुद्र लगेच कळतो. त्यापेक्षा सकाळी मिरकरवाडा बंदरात जाऊन बसा. बर्फाचे क्रेट, जाळ्यांचे ढीग, पाण्यावरचा डिझेलचा तवंग. एका मुलीने तिथली चित्रमालिका लावली होती. मासळी विकणाऱ्या एक काकी त्यातल्या एका चित्रासमोर बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "बाय, सुकती लागलीय ना? मग होडी सरळ कशी उभी?" पाणी उतरल्यावर होडी कुशीवर कशी कलते, ते त्यांनी हाताने करून दाखवलं. असा समीक्षक फुकट मिळतो, त्याचं ऐका.

चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवून कथा सांगायची जुनी कला, तिच्यासारखे डोळे काढून 'लोककला' म्हणून पाठवणारेही बरेच. आधी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन मूळ चित्रं बघा. सावंतवाडीच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगवणाऱ्यांचा हात बघा. संच १२० पत्त्यांचा, दहा अवतारांचे बारा-बारा. तेवढ्याशा गोलात आकृती बसवायची शिस्त दिसली की उसनी नक्षी आपोआप गळते.

आता खरा शत्रू: दमट हवा. आमचं प्रदर्शन दिवाळीनंतर, म्हणजे चित्र अख्खा पावसाळा घरात काढतं. जलरंगाच्या कागदावर तपकिरी ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. फ्रेमवाला मागे रद्दी कोंबत असेल तर थांबवा. अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा आम्ल नसलेला पुठ्ठा, मागा, थोडे पैसे जास्त जातील. काच कागदाला टेकता कामा नये, मधली फट माउंटमुळेच राहते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, भिंत आणि चित्र यांच्यामधून वारा खेळतो. जाड तैलरंगावर घाईने वॉर्निश मारू नका, सहा महिने तरी जाऊ द्या.

प्रवेशिकेसाठी फोटो काच बसवण्याआधी, सावलीत काढा. काचेत तुमचाच मोबाईल दिसतो! टांगायला सुतळी नको, तार लावा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवा. मागे नाव, माध्यम, वर्ष, आकार लिहा.

किमतीला नवखे फार लाजतात. कागद, रंग, फ्रेम यांचा खर्च निघालाच पाहिजे, त्यावर तुमची मेहनत. यादीत एक आकडा आणि मामेभावाला दुसरा, असं करू नका. गाव लहान आहे, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

चित्र विकलं गेलं तर पावती द्या आणि घेणाऱ्याला बजावून सांगा: ज्या बाहेरच्या भिंतीवर पावसाचा मारा बसतो, तिच्या आतल्या बाजूला लावू नका. जांभ्याची भिंत आत ओल आणते. माजघरातली भिंत बरी.