सोलापूरहून विमानानं किती वेळ लागतो? हिशोब असा करा

मामांनी विचारलं, मुंबईला विमानानं किती वेळ रे? मी म्हणलं तासभर, तर म्हणतात कसे, म्हणजे नऊला जुळे सोलापूरात चहा आणि दहाला फोर्टात काम! मामा, तसं नसतं ओ.

आधी अंतर काढा. मॅपवर नुसतं सोलापूर ते मुंबई टाकलं की रस्त्याचं अंतर येतं, ४०० किलोमीटरच्या आसपास, पण विमान काय मोहोळ-टेंभुर्णी करत जात नाही. गूगल मॅप्समध्ये होटगी रोडच्या विमानतळावर बोट दाबून धरा, पिन पडली की खाली अंतर मोजायचा पर्याय असतो तो घ्या आणि मॅप सरकवत मुंबई विमानतळावर न्या. साधारण ३६० येतं. रेल्वेनं हेच ४५५ होतं, कारण गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत जाते.

आता वेळ. मोठं जेट ताशी ८०० च्या आसपास जातं, पंख्याचं एटीआर ५०० च्या. पण वर चढायला, खाली उतरायला, रनवेवर फिरायला वेळ जातोच, म्हणून अंतर भागिले वेग करून वर अर्धा तास टाका. गोव्याचं मोपा विमानतळ सरळ रेषेत ३०० च्या जरा वर, एटीआर धरलं तर ३७ मिनिटं अधिक ३०, झाला तास-सव्वा तास. (विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली जून २०२३ ला, गोव्याचं विमान सुरू झालं जून २०२५ ला, मुंबईचं त्याच वर्षी ऑक्टोबरात. आपल्याकडं सगळं निवांत.)

पण खरा वेळ खातं ते जमिनीवरचं. घरातून विमानतळ २० मिनिटं, काउंटर बहुतेक तासभर आधी बंद होतो म्हणून दीड तास आधी पोचा, मग तासभर विमान, बॅग यायला २५ मिनिटं, आणि तिथून फोर्टात जायचं तर ट्रॅफिकमध्ये सव्वा तास सहज. झाले की साडेचार! वंदे भारत साडेसहा तासात थेट सीएसएमटीला सोडते, स्टेशनला जायचा वेळ धरून सात. म्हणजे वाचले अडीच तास, तिकिटाचा फरक बघून ठरवा. काम अंधेरीत असलं तर विमान, फोर्टात असलं तर मी तरी गाडीच धरीन.

दुबईला जाणाऱ्यांनी एक बघा, तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते. मुंबईहून १० ला निघून ११.४५ ला दुबई दिसलं म्हणून पावणेदोन तास समजू नका, दुबईचं घड्याळ दीड तास मागं आहे, ते मिळवा म्हणजे सव्वातीन. येताना तेवढंच वजा करायचं.